अनेक दालनांची विद्या

परळकडून दादरकडे जाणाऱ्या डॉ. आंबेडकर मार्गावर हिंदमातेचा चौक लागतो. तेथे उभे राहिले असता जिकडेतिकडे साड्यांची आणि कापडाची दुकाने दिसतात, आणि आषाढातल्या एखाद्या मुसळधार दिवशी गुडघाभर पाणी तुंबले की हा चौक साऱ्या मुंबईच्या तोंडी होतो. एवढ्यावरच त्याची ओळख संपते असे ज्यांस वाटत असेल त्यांनी तेथून दादरच्या अंगाला थोडे चालत जावे. नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९७५ साली, डॉ. स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली, जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत पडलेले एक लहानसे पुस्तक पुन्हा छापून काढले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे ते पुस्तक. विद्यापीठांतून आज ‘स्त्री-अभ्यास’ या नावाने जी विद्या शिकविली जाते तिचा मुंबईतील इतिहास सांगावयाचा तर मी तो याच पुस्तकापासून आरंभीन. कारण त्या विद्येपुढील मूळ अडचण या पुस्तकाच्या देहातच भरून राहिली आहे.

अडचण अशी, की हे पुस्तक ग्रंथालयाच्या कोणत्या कपाटात ठेवावे? १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अनौरस अर्भकाच्या हत्येचा खटला झाला, तिला फाशीची शिक्षा फर्मावली गेली आणि पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या दुर्गुणांचा जो पाढा वाचला गेला, त्यास बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली पुण्यात छापलेल्या या निबंधाने उत्तर दिले. म्हणजे त्याचा उगम न्यायालयात आहे. परंतु पुढे ताराबाई शास्त्रांची झडती घेतात, पुराणांतील देवांनाही जाब विचारतात, समकालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रांवर घसरतात, पुनर्विवाहाच्या बंदीचा हिशेब मांडतात, आणि परक्या राजवटीत देशी पुरुषाने पगडीपासून पादत्राणापर्यंत सारे बदलून बायकोपुरता मात्र धर्म कसा सांभाळला तेही दाखवितात. कायदा म्हणावा तर वाङ्मय मध्ये येते, वाङ्मय म्हणावे तर धर्मशास्त्र, आणि धर्मशास्त्र म्हणावे तर अर्थव्यवहार. हा लेखिकेच्या विचारातील गोंधळ नव्हे. तिच्यावर कोसळलेले दुःखच असे होते की त्याच्या एका टोकास हात घालताच बाकीची सारी टोके ओढली जात. महात्मा फुले यांनी आपल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात, १८८५ साली, तिची बाजू घेतली, त्यानंतर बाई आणि तिचे पुस्तक दोन्ही अंधारात गेली.

१९७५ साली ते पुस्तक अंधारातून वर यावे हा योग मोठा अर्थपूर्ण होता. भारत सरकारने १९७१ च्या सप्टेंबरात देशातील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या नावाने १९७४ च्या अखेरीस तयार झालेल्या तिच्या अहवालाने सुशिक्षितांच्या पुष्कळ समाधानांचा निकाल लावला. हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ साली ९७२ होती, ती १९७१ च्या खानेसुमारीत ९३० वर उतरली होती. कापड-गिरण्या आणि खाणी यांसारख्या संघटित उद्योगांतून स्त्रिया बाहेर फेकल्या जात होत्या. स्वातंत्र्यानंतर स्त्रीची पावले पुढेच पडत आहेत असे मानून चाललेल्या प्राध्यापकवर्गास, वीणाताईंसारख्या स्वतः समितीत बसलेल्या विदुषींनादेखील, या आकड्यांनी हादरा दिला. कारण त्यांची विद्या त्यांना हे सांगू शकली नव्हती. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मजूर होता, मजुरीण नव्हती. राज्यशास्त्रात मतदार होता. इतिहासात सुधारक होते, आणि ज्यांची सुधारणा करावयाची त्या मुक्या.

मुंबईत या प्रश्नास वाचा फुटली ती श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, आणि येथे जरा मागे जाऊन त्या विद्यापीठाची जन्मकथा सांगणे अवश्य आहे. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, तिचा तो परिणाम. पुढल्याच वर्षी पुण्यात कार्यास आरंभ झाला. शिक्षण मातृभाषेतून, गृहजीवनशास्त्रास मानाचे स्थान, आणि पदवीचे नाव ‘गृहीतागमा’ असे सुंदर. स्त्रीचा संसारातील अधिकार निराळा, म्हणून तिचा अभ्यासक्रमही निराळा, ही कर्व्यांची धारणा होती. आज ती आपणांस अपुरी वाटते. परंतु स्त्रीसाठी ज्ञानाची मांडणी वेगळी असू शकते, मुलांसाठी रचलेला अभ्यासक्रम तिच्या अंगावर बेताच पाहिजे असे नाही, हे वाक्य या देशात विद्यापीठाच्या पातळीवर प्रथम त्यांनी उच्चारले, हे श्रेय त्यांच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊन विद्यापीठास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. १९३६ साली विद्यापीठ मुंबईस आले, १९५१ साली त्यास वैधानिक दर्जा मिळाला. सर विठ्ठलदास गिरणीमालक होते. परळ-लालबागच्या गिरणगावातील धुरांड्यांखाली जमलेल्या द्रव्याचा एक अंश अशा रीतीने स्त्रियांच्या उच्च शिक्षणाकडे वळला. त्यांच्या पित्याचे, दामोदर ठाकरसी यांचे नाव, हिंदमातेपासून जवळच परळच्या दामोदर हॉलला दिले गेले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार १९२४ च्या मार्चमध्ये ज्या सभेत झाला ती सभा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच हॉलमध्ये बोलाविली होती. पत्नीचे नाव विद्यापीठास, पतीचे नाव कामगार वस्तीतील सभागृहास. आणि अर्धशतकानंतर त्या विद्यापीठातील अध्यापिका त्या सभागृहाभोवतालच्या चाळींतील बायकांविषयी प्रश्न विचारू लागल्या. एका कुटुंबाच्या दोन दानधर्मांमधील हे अंतर तोडावयास पन्नास वर्षे लागली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

ते अंतर तोडणाऱ्यांत अग्रणी होत्या नीरा देसाई. १९२५ चा जन्म, मातृभाषा गुजराती, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास, समाजशास्त्रज्ञ अ. र. देसाई यांच्याशी १९४७ साली विवाह. भारतीय स्त्रीच्या बदलत्या स्थितीवर त्यांनी पदव्युत्तर प्रबंध लिहिला, तो १९५७ साली ‘वुमन इन मॉडर्न इंडिया’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. महिला विद्यापीठात समाजशास्त्र शिकविता शिकविता, १९७४ साली, समितीचा अहवाल अद्याप छापखान्यातही गेला नव्हता तेव्हा, त्यांच्या नेतृत्वाखाली तेथे स्त्रीविषयक संशोधनाचा एक विभाग सुरू झाला. भारतीय विद्यापीठांतील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र. नीराबेनांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो विषयांच्या चौकटीत बसणारा नव्हता, आणि सहकारिणी मिळाल्या त्याही नाना विषयांतून आलेल्या. पैकी मैत्रेयी कृष्णराज पुढे त्या केंद्राच्या संचालिका झाल्या. एखाद्या स्थापित विद्याशाखेची नवी फांदी असे या केंद्राचे स्वरूप प्रथमपासूनच नव्हते.

ते तसे का नव्हते, याचे उत्तर पुस्तकांपेक्षा गिरणगावच अधिक स्पष्टपणे देते. म्हणून परळ-लालबागच्या गिरणी कामगार स्त्रीची हकीकत मी येथे थोडी सविस्तर सांगतो.

१९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पुरुष; स्त्रियांची जागा वाइंडिंग आणि रिळिंग या खात्यांत, जेथे सूत उकलून कांड्यांवर आणि रिळांवर चढवावयाचे. त्यांच्यावर देखरेखीस नायकीण असे. कामावर घेणे, बदली देणे, खाडा झाला तर ठेवणे की काढणे, यांत तिचा शब्द चाले. मजुरी बहुधा केलेल्या वजनावर. कोकणातून आणि देशावरून आलेल्या या बायकांपैकी कितीएक विधवा होत्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या, आणि गावाकडील घराचा भार त्यांच्या कांडीवर चालत असे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले असता डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बोजा मालकाने आणि सरकारनेही वाहिला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा झाला. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालीच सुरू झाले होते. याच काळात, १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप चालला. थोड्या माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याची जी योजना मालकांनी आखली होती तिच्याविरुद्ध हा लढा होता, आणि त्यात बायका केवळ मागे उभ्या नव्हत्या. उषाताई डांगे यांचे ‘पण ऐकतं कोण?’ आणि पार्वतीबाई भोर यांची ‘एका रणरागिणीची हकीकत’ ही दोन आत्मकथने वाचली म्हणजे त्या चळवळीत स्त्रियांचा आवाज केवढा होता ते कळते. एवढे असूनही पुढल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती पाचांतली एक कामगार स्त्री गिरणीतून जवळजवळ नाहीशी झाली. नवी यंत्रे आली तशी वाइंडिंग-रिळिंगची खाती आखडली. रात्रपाळीस स्त्रियांना कायद्याने मनाई, म्हणून पाळ्या वाढल्या तेव्हा तीच गैरसोयीची ठरली. प्रसूतीचा खर्च नको म्हणून मालकही तिला टाळू लागले असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. आणि कमावता पुरुष हाच कुटुंबाचा पोशिंदा, हे सूत्र मालकांइतकेच कामगार संघटनांनीही आपलेसे केले होते.

आता विचार करावा, या एका घटनेचा अभ्यास कोणी करावा? अर्थशास्त्री यंत्रांची आणि मजुरीची कथा सांगेल, पण ‘पोशिंदा’ हा शब्द त्याच्या कोष्टकात कोठून येणार? कायद्याचा पंडित कलमे सांगेल. संरक्षण देणारे कलमच बरखास्तीचे निमित्त होऊ शकते हे त्यास गिरणीच्या हजेरीपत्रकात पाहावे लागेल. इतिहासकारास सरकारी दप्तरात नायकिणीची जबानी फारशी मिळणार नाही. त्यासाठी पार्वतीबाईंच्या आत्मकथनाकडे, म्हणजे वाङ्मयाच्या कपाटाकडे जावे लागेल. आंतरविद्याशाखीय हा शब्द आज अभ्यासक्रमांच्या मसुद्यांत फार सैल हातांनी लिहिला जातो. मुंबईत तो गरजेपोटी जन्मास आला, कारण नायकिणीच्या हाताखालची ती वाइंडिंगवाली विद्यापीठाच्या कोणत्याच एका दालनात मावत नव्हती.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईचे पुढे काय झाले? तिने चूल पेटविली. गावाकडून एकटे आलेले पुरुष गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि महिन्याच्या ठरावाने खानावळवालीकडे जेवत. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत भाकऱ्या थापणारी ती बाई खऱ्या अर्थाने गिरणी चालवीत होती. तिच्या उधारीवर तर संप लढविले जात, कारण पगार बंद पडला तरी ताट बंद पडत नसे. ही उधारी भागविण्यासाठी ती सावकाराच्या दारी जाई आणि तिचे सोने तेथेच राही. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिले, आणि १९७५ साली चौदा जणींपासून प्रारंभ करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज खानावळवालीस तिच्या स्वतःच्या नावावर मिळावे ही त्यांची तजवीज. मीरा सवारा यांनी १९८१ साली या प्रयोगावर लिहिलेला निबंध परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लालबागची चूल अशा रीतीने जगभरच्या अभ्यासकांपुढे गेली.

रस्त्यावरील चळवळ आणि विद्यापीठातील चौकशी त्या काळी एकमेकींच्या किती निकट होत्या, याची कल्पना आज येणे कठीण. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी घेऊन निघाल्या. १९७५ साली मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना स्थापन झाली. आणि त्यानंतर एका निकालपत्राने सारे वातावरण पेटले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. नागपूर खंडपीठाने दोषी ठरविलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्दोष सोडले, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणास्तव. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले, आणि १९८० च्या प्रारंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंचाची स्थापना झाली. संमती म्हणजे काय, हा प्रश्न कायद्याचा खरा. पण ठाण्याच्या अंधारात उभ्या असलेल्या गरीब मुलीचे मौन हे संमती मानावे की भय, हे ठरविण्यास समाजाचे आणि मनाचे ज्ञान लागते. १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली, तीत कोठडीतील अत्याचाराच्या बाबतीत, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तेच गृहीत धरावे, हे तत्त्व मान्य झाले.

अशा तापलेल्या हवेत, १९८१ च्या एप्रिलमध्ये, महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. देशाच्या सर्व भागांतून अध्यापिका, कार्यकर्त्या, वकील, पत्रकार आल्या, आणि पुढल्याच वर्षी तिच्यातून स्त्री-अभ्यासाची अखिल भारतीय संघटना जन्मली. परिषदेपुढील वाद मूलभूत होता. या विद्येस स्वतंत्र विभाग हवा, की तिने सर्व विभागांत शिरून प्रत्येक शास्त्राची दृष्टी पालटावी? स्वतंत्र विभाग मागावा तर विद्यापीठाच्या एका कोपऱ्यात बायकांनी बायकांविषयी बोलण्याची सोय होऊन बाकीची दालने पूर्ववत निर्वेध राहतील. न मागावा तर पदे नाहीत, ग्रंथ नाहीत, अनुदान नाही, आणि सर्वांचे काम ते कोणाचेच नाही या न्यायाने सारा उत्साह विरून जाईल. स्त्री-अभ्यास हा निराळा विषय नसून विषयांकडे पाहण्याची दृष्टी आहे, असा विचार तेथे प्रभावी ठरला. तत्त्वतः तो बरोबरच होता. व्यवहारात मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, दोन्ही वाटा एकाच वेळी चालाव्या लागल्या, आणि ज्यांनी त्या चालल्या त्यांची फार दमछाक झाली. कारण त्यांना प्रत्येक शास्त्रात पारंगत होऊन, शिवाय प्रत्येक शास्त्राशी भांडावयाचे होते.

पुढील घडामोडी थोडक्यात सांगता येतील. १९८५ पासून मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने स्त्री-अभ्यासाची विशेष पुरवणी सुरू केली, या साप्ताहिकाची कचेरी नंतर लोअर परळला, गिरण्यांच्याच मुलखात आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विद्येस मान्यता दिली, विद्यापीठ अनुदान आयोगाने केंद्रांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला, आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात केंद्र निघाले, जे पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने प्रसिद्धीस आले. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गेलेल्या छाया दातार यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर जे संशोधन केले, ते सीमाभागातील मराठी स्त्रीजीवनाचा मोलाचा दस्तऐवज आहे.

पण या यशाच्या हकीकतीत एक उणीव होती, आणि ती दाखविली विद्यापीठाबाहेरच्या दोघींनी. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी नोकरी-संसार सांभाळून, गावोगाव फिरून, आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. महाडच्या सत्याग्रहात, नाशिकच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यात, नागपूरच्या १९४२ च्या महिला परिषदेत ज्या स्त्रिया होत्या, त्यांची नावे त्यात प्रथम एकत्र आली. नायगावच्या ग्रंथसंग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर बी. डी. डी. चाळी आहेत, हिंदू कॉलनीत डॉ. आंबेडकरांचे राजगृह आहे. परिसर तोच, तरीही या स्त्रिया स्त्री-अभ्यासाच्या दप्तरात उशिरा दाखल झाल्या. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ च्या एका गाजलेल्या निबंधात आणि २००६ च्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील ग्रंथात हा प्रश्न अत्यंत नेटाने पुढे नेला: जात वगळून स्त्रीचा अभ्यास करणारी विद्या कोणत्या स्त्रीचा अभ्यास करते? २०१३ साली त्या अकाली गेल्या. त्यांच्या वर्गात ज्यांनी शिक्षण घेतले त्यांच्या लेखणीत तो प्रश्न अजून जिवंत दिसतो.

राहिली एक गोष्ट, आणि तिच्यासाठी पुन्हा त्या दहा बाय बाराच्या खोलीत यावे लागते. खानेसुमारीचा कारकून चाळीचा जिना चढून येई आणि कुटुंबप्रमुखास विचारी, बाई काय काम करते? उत्तर येई, घरीच असते. वीस जणांची ताटे वाढणारी बाई त्या उत्तरासरशी बिनकामाच्या रकान्यात जाई, आणि शेतावर राबणारी कुणब्याची लक्ष्मीही त्याच रकान्यात. स्त्री-अभ्यासाच्या संशोधिकांनी आणि कार्यकर्त्यांनी या नोंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लेख लिहिले, अर्ज केले, अधिकाऱ्यांच्या बैठकांत वाद घातला. अखेर १९९१ च्या खानेसुमारीत कामाविषयीच्या प्रश्नास एक कंस जोडला गेला: शेतावरील अथवा कौटुंबिक उद्योगातील बिनमजुरीचे काम धरून. त्या वर्षी मोजणीस आलेल्या माणसाने नायगाव-लालबागच्या जिन्यांवर, दारात उभे राहून, तो कंस मोठ्याने वाचावयाचा होता.